जुळे सोलापुरी श्रीमंतांचा वेढा कैसा उठला

श्रीमायाक्का प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाखमासी, रविवारी, सूर्य माथ्यावर आला असता आणि सोलापूर शहराचे डांबर चपलेस चिकटू लागले असता, जुळे सोलापूर प्रांती जे घोर वर्तमान घडले, सरकारी फौजा कैशा निघाल्या, मोर्चे कोठे लागले, तह कोणी केला आणि ओलीस कोण्या अवस्थेत बाहेर आले, ते पाहिले-ऐकिले तैसे लिहितो. वाचणारांस हसू आल्यास त्यांनी खुशाल हसावे. त्या दुपारी तेथे उभे होते त्यांपैकी कोणासही हसू आले नव्हते.

पूर्वपीठिका ऐशी जे, धुळाप्पा म्हणून एक मातबर गृहस्थ, मूळ मंगळवेढ्याकडील मेंढपाळ घराण्याचे, सूतगिरणीची चाकरी पुरी करून मुलाच्या घरी सुखाने राहत होते. त्यांस गतसाली छातीत कळ आली आणि इस्पितळी दाखल करणे भाग पडले. वैद्यांनी काचेच्या दाराआड नेले, आणि मग त्यांच्या पत्नी सोजरबाई दाराबाहेरील बाकड्यावर बसून कुलस्वामिनी मायाक्का देवीस बोकडाचा नवस बोलल्या. देवीने ऐकिले. धुळाप्पा घरी आले आणि नवसाकरिता एक पिल्लू आणविण्यात आले.

पिल्लू आईवेगळे होते. धुळाप्पांस वैद्यांनी विडी मना केली होती, मटण मना केले होते, जिना चढणे मना केले होते, आणि करण्यासारखे दुसरे काहीच उरले नव्हते, म्हणून ते पिल्लास बाटलीने दूध पाजू लागले. पिल्लू वाढले, दाढी आली, आणि चालणे ऐसे डौलाचे जाहले की जणू मागे कोणी चवऱ्या ढाळीत आहे. मग धुळाप्पांनी त्यांस श्रीमंत ही पदवी बहाल केली. श्रीमंत धुळाप्पांच्या खाटेशी निजत, अंथरलेल्या सोलापुरी चादरीचे टोक रात्रभर चघळीत आणि पहाटे धुळाप्पांच्या छातीवर पुढचा पाय ठेवून त्यांस उठवीत. हे जनावर कशासाठी आणिले आहे हे धुळाप्पा जाणत होते, परंतु कोणी कॅलेंडर पाहू लागले की उठून बाहेर जात.

तो दिवस अखेर उजाडला. दारी मांडव पडला, पाहुणे टेंपो भरभरून आले, चुलीवर रस्सा रटरटू लागला आणि खाटीक येऊन चहा घेऊ लागला. त्याने सत्तूर क्षणभर कट्ट्यावर ठेविला. तो क्षण साधून धुळाप्पांनी एका हाती सत्तूर आणि दुसऱ्या हाती श्रीमंतांचे दावे घेतले, वैद्यांची मनाई मोडून जिना चढले, गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत शिरले, कडी घातली आणि आतील लोखंडी कपाट दारास लाविले. मग आतून फर्मान सुटले की आज कोणाचेही काही कापले जाणार नाही, पाहुण्यांनी भात खाऊन जावे.

मुलाने विनविले, पाहुण्यांनी विनविले, खाटकाने आपला सत्तूर तेवढा मागितला. काही उपयोग जाहला नाही. तेव्हा सोजरबाईंनी संकटसमयीचा सरकारी नंबर फिरविला. पलीकडील कारकुनाने विचारिले, कोण कोंडले आहे? बाईंनी सांगितले, श्रीमंत. कोणी कोंडले? मालकांनी. हाती हत्यार? सत्तूर. श्रीमंताची उमर? पुरते दोन वर्षांचेही नाही. अंगावर काय? गळ्यात हार, कपाळी भंडारा. जिवास धोका आहे काय? बाई म्हणाल्या, आहे की, आजच आहे. यात एक शब्द खोटा नाही. माणूस की जनावर, हा सवाल प्रश्नावळीत नव्हता आणि बाईंस कोणी विचारिला नाही, म्हणून दोष कोणाचाच नाही. परंतु दोन वर्षांचे मूल सत्तुराखाली आहे, ऐशी खबर बिनतारी यंत्रावरून शहरभर गेली.

प्रथम गस्तीचे स्वार आले. त्यांचे म्होरके हवालदार शरणबसव हत्तुरे, राहणार अक्कलकोटकडील, देहाने थोर, पावसाळ्यातील गणपती आणि उन्हाळ्यातील निवडणुका असे उभयविध बंदोबस्त पचविलेले. नवा शिपाई दार फोडू म्हणाला, त्यास त्यांनी दंडाला धरून मागे ओढिले. जोखमीच्या जागी पहिला आलेला आत घुसत नाही, तो जागा धरून ठेवितो, ही त्यांची शिकवण. मग त्यांनी पाहुण्यांस गल्लीच्या तोंडाशी हटविले, मांडवाच्याच दोरीने नाकेबंदी केली, चुलीखालील जाळ विझविला, रुग्णवाहिका मागविली आणि वरती वर्दी देऊन जिन्याच्या पायथ्याशी एकटे उभे राहिले. आतील म्हातारा सीमेकडील म्हणून त्यांनी कानडीत मायेने हाक घातली, अज्जा, होरग बर्री. आतून कानडीतच उत्तर आले की बाहेर येणे नाही.

इतक्यात शीघ्र कृती दलाची गाडी दाखल जाहली. दलाचे नाईक अभिमन्यू कोळेकर, शिरी लोहटोप, अंगी चिलखत, मागे ढालाईत आणि दार फोडण्याचा गजघणा वाहणारे दोघे. वैशाखाचे ऊन आणि काळे चिलखत, तेणेकरून वीर उभ्या जागी उकडत होते, परंतु हूं की चूं केले नाही. त्यांनी शेजारच्या गच्चीवर एक मोर्चा लाविला आणि खोलीच्या दाराशी एक, आणि इशाऱ्याची वाट पाहत बसले. खिडकीस आतून चादर लाविली होती, म्हणून दृष्टीस काही पडेना.

त्यांच्या पाठोपाठ रदबदलीचे शिक्षण घेतलेल्या सहायक निरीक्षक सुकन्या बिराजदार आल्या. शस्त्राविना बोलून माणूस बाहेर काढणे हा त्यांचा इलाखा. त्यांनी प्रथम सर्वांस गप्प केले, मग सोजरबाईंकडून माहिती घेतली. श्रीमंत काय खातो, ऐसे विचारता बाईंनी सांगितले की दिसेल ते, परवा माझ्या लुगड्याचा काठ खाल्ला. सुकन्याबाईंच्या कपाळी आठी पडली आणि बालकल्याण खात्यासही कळवावे ऐसे त्यांनी मनात योजिले. मग त्या जिना चढून दाराशी, ढालेच्या आड बसल्या आणि धुळाप्पांशी हवापाण्याचे बोलू लागल्या. वीज गेली आहे काय, पाणी आहे काय, छातीत काही होते काय. धुळाप्पा हळूहळू बोलते जाहले. त्यांची मागणी एकच, खाटकाने शहर सोडावे.

मग शास्त्राप्रमाणे सुकन्याबाईंनी अट घातली की ओलीस जिवंत असल्याची खातरजमा पाहिजे, श्रीमंतांनी स्वमुखे काही बोलावे. धुळाप्पा म्हणाले, बोल रे राजा.

आतून खणखणीत आवाज आला. ब्यॅऽऽ.

ढालाइतांनी एकमेकांकडे पाहिले. नाईक अभिमन्यू सरपटत आले आणि कानाशी लागून अदबीने वर्दी दिली की ओलीस शेळीवर्गीय असल्याचा संशय आहे. खाली सोजरबाईंस विचारिले, तेव्हा त्या चकित होऊन म्हणाल्या की मग दुसरे कोण असणार. नाईकांनी सल्ला दिला की फौज माघारी न्यावी. परंतु सुकन्याबाईंनी तो मानिला नाही. मूल नसले तरी हृदयाचा रोगी आत आहे, वर तापलेला पत्रा आहे, हाती सत्तूर आहे, जोखीम उतरली नाही, ती फक्त उमरीने वाढली आहे, ऐसे म्हणून त्या होत्या तेथेच बसल्या. नाईकांनी लोहटोपाचा बंद पुन्हा आवळिला.

सुकन्याबाईंनी धुळाप्पांस विचारिले की हे सर्व कशासाठी. आतून, दाराजवळून आवाज आला.

“म्याडम, मी दवाखान्यात पडलो तवा हिनं माज्या बदली जीव बोलला. मला इचारलं न्हाय. आता ह्यो रोज सकाळी अंगावर पाय ठिवून मला उटवतोय. ह्याला कापून मी जगू व्हय?”

हे बोलताना त्यांस धाप लागली. एव्हाना जिन्यात येऊन बसलेल्या सोजरबाईंनी ती ऐकिली आणि त्यांचा चेहरा उतरला. सुकन्याबाई चार पायऱ्या खाली आल्या, त्यांच्याशेजारी बसल्या आणि तुमचा इतका हट्ट का, ऐसे पुसिले.

सोजरबाई म्हणाल्या, “दिलं न्हाय तर देवी यांनाच न्हील की. त्या काचंच्या दाराम्होरं मी बसले हुते, म्याडम. पुन्यांदा न्हाय बसवत.”

मग सुकन्याबाईंनी जबाब घ्यावा तैसे विचारिले, नवस बोलताना तोंडून शब्द नेमके कोणते निघाले? सोजरबाईंनी डोळे मिटून आठविले आणि सांगितले की मालक आपल्या पायांनी घरी आले तर, आई, तुला बोकड देईन. सुकन्याबाईंनी नोंद केली की शब्द ‘देईन’ ऐसा आहे, ‘कापीन’ ऐसा नाही. ही बातमी दोरीपलीकडे पोहोचली आणि पाहुण्यांत बहुत कल्लोळ उठला. वडीलधारे म्हणू लागले की ऐसे कधी जाहले नाही, दिलेले म्हणजे कापलेलेच. सोजरबाई जिन्यातून उठल्या आणि कठड्यावरून सर्वांस ताकीद दिली की नवस मी बोलले आहे, बाकड्यावर मी होते, त्या वेळी तुमच्यापैकी कोणी नव्हते. कल्लोळ निवाला.

मग त्या वर गेल्या. ढालाइतांनी वाट दिली. त्या बंद दारास कपाळ टेकवून उभ्या राहिल्या.

“अवो, बाहेर या. जित्ताच दिऊ देवीला.”

आतून विचारणा आली, “आन ती रागावली तर?”

“मग तिची माजी गाठ हाय,” सोजरबाई म्हणाल्या.

तह जाहला. सत्तूर मुठीच्या बाजूने खिडकीतून सरकारजमा करण्यात आला. परंतु दार उघडेना. श्रीमंतांनी कंटाळून कपाटास टकरा दिल्या होत्या, तेणेकरून कपाट कलून चौकटीत रुतले होते, आणि धुळाप्पांच्या अंगी ते हलविण्याची ताकद उरली नव्हती. तेव्हा सुकन्याबाईंनी त्यांस खोलीच्या कोपऱ्यात बसण्यास सांगितले आणि नाईकांकडे पाहून मान हलविली. अभिमन्यूंचे मुखकमल उजळले. गजघणा दोन वेळा आदळला, बिजागरी उखडली, कपाट आडवे जाहले आणि धुरळ्यातून श्रीमंत खासा, मान खाली घालून, दौडत आले. पहिला ढालाईत ढालेसकट बसला, दुसरा पहिल्यावर बसला, नाईक कठड्यास चिकटले, हत्तुरे हवालदार जिन्यात हात पसरून उभे राहिले आणि पुढे काय जाहले ते हवालदार कोणास सांगत नाहीत. मग श्रीमंत मांडवात उतरले आणि पाहुण्यांच्या सत्काराकरिता आणिलेले हार खाऊ लागले.

धुळाप्पांस बाहेर आणून सावलीत बसविले, पाणी दिले, रुग्णवाहिकेच्या वैद्याने नाडी पाहिली आणि ठीक म्हणून सांगितले. चूल पुन्हा पेटली, रश्श्यात वांगी पडली आणि पंगत बसली. नोकरीवर असता पंगतीस बसणे कायद्यात नाही, म्हणून फौजेने उभ्याने खाल्ले. खाटकाने दोनदा वाढून घेतले.

दुसरे दिवशी उभयतां टेंपोतून श्रीमंतांस घेऊन गावच्या मायाक्केस गेली. पुजाऱ्याने पाठीवर पाणी शिंपडले, श्रीमंतांनी अंग झाडले, देवीने घेतले ऐसे जाहीर जाहले आणि धुळाप्पांनी दावे पुजाऱ्याच्या हाती दिले. देताना ते दुसरीकडे पाहत होते. मग दोघे पारावर बसून भाकरी सोडतात तोवर श्रीमंतांनी देवीचा हार खाल्ला, ओटीचे खण खाल्ले, नारळाची भकले खाल्ली आणि पुजाऱ्याच्या धोतराचा सोगा तोंडी धरिला. पुजारी दावे ओढीत धावत आला आणि कौल सांगितला की देवीस नवस पावला, आता हा प्रसाद आहे, प्रसाद भक्ताने घरी न्यावा आणि आजच न्यावा. सोजरबाईंनी प्रसाद दोन्ही हातांनी घेतला.

येणेप्रमाणे जुळे सोलापूरची मोहीम फत्ते जाहली. मनुष्यहानी नाही, पशुहानी नाही, एक दार आणि एक ढाल कामी आली. ठाण्याच्या दप्तरी ओलीस सुखरूप ऐशी नोंद पडली आणि त्यावर वरिष्ठांची सही जाहली.

परतीच्या वाटेस टेंपोच्या मागल्या हौद्यात ऊन फार लागत होते. सोजरबाईंनी पदर सोडिला, निम्मा धुळाप्पांच्या डोक्यावर धरिला आणि, धुळाप्पांनी न सांगता, निम्मा श्रीमंतांच्या.