साहेबांच्या डोळ्यांतील बुरशीवरील मोहीम

सकळ जनांस विदित व्हावें कीं, राज्यें बुडालीं, तख्तें पालथीं पडलीं, त्यांच्या कथा लिहिणारे उदंड. परंतु एका मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, धुलाईघरास लागून असलेल्या खोलींत जो संग्राम जाहला, तो कोणी लिहिला नाहीं. सबब लिहिणें प्राप्त जाहलें.

त्या खोलीच्या सुभेदार बुरशीबाई. कोणाच्या नखांत, कानांत, फुप्फुसांत बुरशी शिरली, तर तिचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून जात सांगणें, हें बाईंचें वतन. बीजाणू म्हणजे बुरशीचें बीं. जात तैसा त्याचा आकार. ही विद्या बाईंस ज्यांनीं शिकविली ते थोरले साहेब पुढें प्रयोगशाळाप्रमुख होऊन वरच्या मजल्यावर आरूढ जाहले, आणि बैठकांच्या मोहिमांत ऐसे गुंतले कीं सूक्ष्मदर्शकास डोळा लावण्याची फुरसत म्हणून राहिली नाहीं.

ते समयीं ऐसें वर्तलें जे, एके रविवारीं खासा साहेबांनीं बागेच्या कुंपणावर स्वारी केली. हातीं कात्री, अंगीं आवेश, डोळ्यांवर कांहीं नाहीं. एका फांदीनें फटका मारिला आणि उजव्या डोळ्यास ओरखडा आला. मग साहेबांनीं कोणास न पुसतां, स्वतःच्या अक्कलहुशारीनें, लाली उतरविणारे थेंब घातले, आणि लाली तर उतरली, परंतु शरीराचे पहारेकरीही निजले, आणि पानावरून आलेला गनीम बिनबोभाट आंत नांदूं लागला. बुबुळावर पांढरा ठिपका पडला. मग नेत्रवैद्यबाईंनीं तो खरवडून नमुना तळमजल्यास रवाना केला, आणि निरोप दिला कीं गनीम खोल गेला तर बुबुळच बदलावें लागेल.

बाईंनीं नमुना पाहिला तों बुरशीचे तंतु स्वच्छ दिसले. उरलेला नमुना खाद्य घातलेल्या कांचेच्या बशींत रेघा ओढून फासला, तेथेंही बुरशी उगवली. तैसी वर्दी वर गेली. वरून हुकूम आला कीं, ते तंतु कापसाचे; आमचे डोळ्यांत बुरशी होणें नाहीं; बशींत जें उगवलें तें हवेंतील धुळीचें; तरी फेकून द्यावें.

त्याच दिवशीं साहेबांच्या पत्नीचा फोन आला.

"तुम्हीच काहीतरी करा हो. ते माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचंही ऐकत नाहीत. रात्रभर डोळा धरून बसतात आणि सकाळी म्हणतात, बरंय."

बाईंस राग आला, आणि रागाखालीं भय. साहेब हट्टी खरे, परंतु पहिला बीजाणू त्यांनींच बाईंस दाखविला होता. मग बाईंनीं हुकूम मोडिला आणि बशी राखिली.

परंतु गनीम मोठा बिलंदर. करड्या लोकरीसारखा फोफावला, नुसते तंतु पसरीत बसला, बीजाणू एक देईना. आयतें मिळतें तोंवर घराबाहेर कोण पडतो? मग बाईंनीं रसद तोडण्याची मसलत केली. साखर-बटाट्याचें सकस खाद्य बंद. नुसत्या पाण्याच्या जेलीवर बुरशीची चिमूट, जोडीस गाळणकागदाचा कपटा, आणि बशी खिडकीच्या उजेडांत. फोन वाजला कीं बाई आधीं बशी पाहात, मग फोन उचलीत. वरती ठिपका पसरत होता. अखेर गनीम उपाशी पडला, आणि वंश बुडण्याच्या धास्तीनें बीजाणू बाहेर काढिता जाहला: तपकिरी, केळ्यासारखे वाकडे, आंत आडव्या भिंती घालून चार खोल्या पाडलेल्या, आणि त्यांतील मधली एक खोली फुगीर व काळपट, जणू सरदाराची ढेरी.

बाईंनीं जात ओळखली. परंतु साहेबांस सांगणें म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग अर्ज गुजारिला कीं, एका रुग्णाचे डोळ्यांतील बुरशी ओळखवेना, हुजुरांनीं खालीं येण्याची तसदी घ्यावी. ऐसी विनंती कोणत्या हुजुरांस गोड लागत नाहीं? साहेब डोळ्यास पट्टी बांधून दाखल जाहले.

"मला खात्री वाटत नाहीये, साहेब. अल्टरनेरिया जातीची असेल का?"

साहेबांनीं डावा डोळा सूक्ष्मदर्शकास लाविला आणि बराच वेळ काढिला नाहीं.

"अल्टरनेरियाला चोच असते. कुठाय चोच? उभ्या भिंती कुठायत? ही मधली फुगलेली खोली दिसत नाही तुम्हाला? कर्व्हुलेरिया. एवढं शिकवलं, सगळं पाण्यात."

"धुळीतून आली असेल तर?"

"मूळ बशी आणा." साहेबांनीं ती उजेडांत धरिली. "नमुना ज्या रेघांवर फासलाय, त्या रेघांवरच उगवलीय. धूळ काय रेघा बघून बसते? खरा संसर्ग आहे हा. लाली उतरवायचे थेंब चालू असतील तर बंद, बुरशीवरचे आजच सुरू. इतके दिवस कुणी थांबवलं? डॉक्टर आहे की गाढव?"



"रुग्ण तुम्हीच, साहेब. डॉक्टरही तुम्हीच."

  साहेबांनीं बशी हळूच मेजावर ठेविली.

"थेंब कुठले आणायचे?" ऐसें अगदीं बारीक आवाजांत पुसिलें.

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलेत कधीचेच. वहिनींच्या पर्समध्ये बाटली आहे."

मग साहेबांचें फर्मान साहेबांवर जारी जाहलें. तासातासास थेंब पडले, आठवड्यामागून आठवडे गेले, आणि ठिपका आटत आटत कडेस पुसटसा डाग उरला. इस्पितळाच्या अहवालांत ही कामगिरी 'प्रयोगशाळाप्रमुखांचे देखरेखीखालीं' पार पडल्याचें दर्ज आहे, आणि देखरेख या शब्दावर बाई दार लावून मनसोक्त हंसल्या.

एके दुपारीं साहेब न बोलावतां खालीं उतरले. स्टुलावर बसले, तळव्यानें डावा डोळा झांकिला आणि उजवा सूक्ष्मदर्शकास लाविला; खालीं त्याच गनीमाच्या बीजाणूंची कांच होती. नजर जुळविण्याची चकती स्वतःच फिरविली, मागें, पुढें, पुनः मागें. 

"दिसतंय," साहेब म्हणाले.

"भिंतीसुद्धा?"

"तिन्ही."

मग उठले आणि बैठकीस गेले. आभाराचा शब्द निघाल्याचा दाखला बखरकारांस कोठें गवसला नाहीं. बाईंनीं त्याची वाटही पाहिली नाहीं. साहेब उठले त्याच स्टुलावर बसून डोळे पुसले आणि पुढला नमुना घेतला. तीन भिंती मोजल्या त्या उजव्या डोळ्यानें मोजल्या. येणेंप्रमाणें फत्ते मुक्रर जाहली.