तांबेकाकांचे आठ रॉकर

सोसायटीची वार्षिक सभा चालली होती. सेक्रेटरी लिफ्टवर बोलायला लागून जरा रंगात आले होते, तेवढ्यात तांबेकाका उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, झालं, आता भांडण. काकांनी मान तिरकी केली, हात वर केला आणि म्हणाले, "एक मिनिट गप बसा सगळे. गेटवर कुनाच्या तरी गाडीच्या इंजिनात टॅपेट वाजतोय." सभा तशीच टाकून ते खाली गेले ते परत आलेच नाहीत. गाडी कुणाच्या तरी पाहुण्याची होती. बिचारा पाहुणा दीड तास उघड्या बॉनेटपाशी उभा होता, असं वॉचमननं नंतर सांगितलं.

नेरूळच्या आमच्या इमारतीत काकांचं दार माझ्या दारासमोर आहे. मूळचे संगमेश्वरकडचे. सगळी नोकरी इथल्याच पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये झाली. माणसाशी बोलताना त्यांचा एक कान कायम रस्त्यावर असतो. तुम्ही मुलीच्या ॲडमिशनचं रडगाणं सांगत असता, ते "हं, हं" करत असतात, आणि तुम्ही श्वास घ्यायला थांबलात की म्हणतात, "त्या रिक्षाचा सायलेन्सर गेला बगा." पूर्वी मला राग यायचा. आता मीही बाल्कनीतून रिक्षा ओळखतो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, बोजड पेट्रोल गाडी घेतली आणि तिचं इंजिन 'जरा गरम' केलं. म्हणजे ताकद वाढवायला कॅम बदलला, स्प्रिंगा कडक घातल्या आणि एका रेसवाल्या पोराच्या सांगण्यावरून ॲल्युमिनियमचे हलके रोलर रॉकर बसवले. रॉकर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर झुलणारी बोटभर दांडी, ती व्हॉल्व्ह दाबते. टोकाला छोटं चाक असलं की ती घासत नाही, फिरत जाते. हे ज्ञान मी मागितलेलं नव्हतं, पण मिळालं.

दोन वर्षांपूर्वी काका-काकू त्या गाडीनं खेडला निघाले होते, काकूंच्या भाचीच्या लग्नाला. कशेडी घाटात एक रॉकर तुटला. मेकॅनिक यायला चार तास लागले. हे पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या. घरी आल्यावर शालनकाकूंनी शांतपणे जाहीर केलं, "त्या गाडीत मी परत बसनार नाय."

कारण त्यांनी सांगितलं नाही, काकांनी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? काकांना ते स्वच्छ दिसत होतं. त्यांनी तुटका रॉकर शर्टाच्या खिशात टाकला आणि मनाशी ठरवलं, असा रॉकर आणायचा की शालन पुन्हा शेजारी बसली पाहिजे.

मग सुरू झाला शोध. काकूंच्या जेवणाच्या टेबलावर नमुने मांडले गेले. निळे, लाल, जांभळे. "रंग बगून घ्यायला मी पडदे आनतोय काय?" असं म्हणत काकांनी अर्धे तिथंच बाद केले. एका दुकानदारानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, की हा रॉकर इंजिनाच्या मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांवर तपासलाय. काका म्हणाले, "तिकडचं ऱ्हाऊ दे. वाशीच्या सिग्नलला आठशेवर दहा मिनटं तापत उभा ऱ्हाईल काय, ते सांग. तिथं तेल कमी पोचतं. आपल्याला रेसला नाय जायचं, बेलापूरला जायचंय." दुकानदारानं त्यांना चहा पाजला आणि पुढच्या वेळी ते येताना दिसले की तो जेवायला जायचा.

शेवटी त्यांनी पोलादाचे आठ रॉकर निवडले. काळे, बसके, दिसायला अगदी सरकारी. "वजन थोडं हाय, पन वाकत नाय, तुटत नाय," काका त्यांना कुरवाळत म्हणाले. मग चाक व्हॉल्व्हच्या मधोमध टेकतं का हे बघण्यासाठी त्यांनी काकूंची काजळाची डबी पळवली. व्हॉल्व्हच्या टोकाला काजळ लावायचं, इंजिन हातानं फिरवायचं आणि पुसली गेलेली रेघ बघायची. रेघ केसभर बाजूला गेली की सगळं परत खोलायचं. डबी संपली. मी नवी आणून दिली, तेव्हा मेडिकलवाली माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होती.

सगळं जुळलं तोवर भाचीला बाळ झालं होतं. नामकरण दुपारी चारला, खेडला. काकूंनी बॅग भरली. मी ती घेऊन खाली गेलो. काकू गाडीजवळ थांबल्या. काका धुतलेला शर्ट घालून, ड्रायव्हिंग परीक्षेला बसल्यासारखे स्टेअरिंग धरून बसले होते.

"शालन, बस. आता नाय बंद पडनार. पोलादाचे हायत."

"आवो, बंद पडायची भीती कुनाला होती?" काकू म्हणाल्या. "घाटात ती बंद पडली आनि तुमी चार तास माज्याशी बोललात. लग्न झाल्यापासून पयल्यांदा. माज्या आईचं विचारलंत, शाळेचं विचारलंत. शाळेचं सांगत होते, तेवड्यात मेकॅनिक आला. गाडी चालू झाली, की तुमचा कान परत तिच्याकडं. म्हनून म्हटलं, नको ती गाडी."

दोन वर्षं, आठ रॉकर आणि काजळाच्या दोन डब्या. काकांनी स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. काकूच शेवटी आत बसल्या आणि म्हणाल्या, "चला आता, बाळ वाट बगतंय."

गाडी निघाली. आवाज इतका स्वच्छ होता, की मलासुद्धा कळला.

दुपारी राहवेना, म्हणून फोन केला.

"काका, पोचलात का?"

"नाय. कशेडी घाटात हाय."

"घाटात? आता बोगदा आहे ना? आणि गाडी बंद पडली की काय?"

"पडली नाय. मीच बंद केलीय. बोगदा सोडून मुद्दाम वरनं आलोय. सावली बगून थांबलोय, येळ हाय अजून." मागून काकूंचा आवाज येत होता, मध्येच त्या हसल्या. "ठेवतो मी. हिची शाळा सातवीपर्यंत आलीय, मदलं ऐकायचं ऱ्हाईल."