भिंतीला फुटलेला गहू

मस्तुरा रशियात कझानला लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणून गेली, त्याला दोन वर्षं झाली. नातू चालायला लागला, बोलायला लागला, पण ती काही बुखाऱ्याला परतली नाही. लेक निगीना फोनवर म्हणे, "बाबा, ते घर पडायला आलंय. आईला त्या ओलीत कशी पाठवू?"

शेवटी मस्तुराच्या नवऱ्याने, हमदमअकांनी, घरच नीट करायला घेतलं. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, पेन्शन बेताची. पाडलेल्या चहाखान्यातला कोरीव खांब त्यांनी हातगाडीवर घालून आणला आणि ओसरीला उभा केला. अंगणातली द्राक्षवेल छाटून तिला नवं आळं केलं. राहिली ती अंगणाकडची भिंत. शेजारच्या सलोमतआपांनी भुसा फुकट दिला. तो मातीत तुडवून अकांनी पाच दिवस खपून गिलावा चढवला.

दहाव्या दिवशी भिंत हिरवी दिसायला लागली.

"आपा, भुशात गव्हाचे दाणे होते का हो?"

"मग? फुकटच्या भुशातले दाणे निवडून देऊ? वर गहू मिळाला म्हणून आभार माना!"

अका कोंब उपटायला गेले, तर कोंबाबरोबर मूठभर गिलावा हातात. नाही उपटावं, तर आपांची शेळी भिंत चरायला हजर. म्हणून त्यांनी मस्तुराने भरतकाम केलेली मोठी चादर, तिची सुझनी, पडद्यासारखी भिंतीवर टांगली. शुक्रवारी मस्तुराचा व्हिडिओ कॉल चालू असताना शेळीने नेमकी तीच ओढली.

मस्तुरा बघतच राहिली.

"उद्या साफ करतो," अका घाईघाईने म्हणाले. "बाकी घर झकास झालंय."

"अहो, गहू आहे ना तो?"

"गहूच."

"इथे नवव्या मजल्यावरून नुसत्या गाड्या दिसतात. हात लावू नका. मी येईपर्यंत राहू दे."

"म्हणजे... येतेस?"

फोनवर आता निगीना दिसली. "बाबा, काय सांगितलंत तिला? बॅग भरायला घेतलीये तिने!"

अकांना राहवेना. सकाळ-संध्याकाळ ते झारीने भिंतीला पाणी घालू लागले. मस्तुरा यायच्या आदल्या दिवशी सगळा गिलावा गव्हासकट धप्पदिशी खाली आला.

टॅक्सी थांबली तेव्हा अका दारात गुन्हेगारासारखे उभे होते. "मस्तुरा, कालपर्यंत होता गं..."

ती थेट अंगणात गेली. ढिगाऱ्यातली चिमूटभर माती तिने बोटांत चोळली.

"वाळू कुठंय यात? भूगोल शिकवलात ना हो तुम्ही?"

"आधी चहा तरी घे."

"चहा नंतर." तिने बूट-मोजे काढले, झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि त्या ढिगाऱ्यात पाय घातले. थंड चिखल बोटांमधून वर आला, तशी ती क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. मग म्हणाली, "पाणी आणा."

अका बादली घेऊन नळाशी गेले. बादली भरली, भरून वाहायला लागली, तरी ते पाठमोरे तिथेच उभे.

"अहो, पुरे!" मस्तुरा ओरडली. "आता काय, उरलेलं घर पण पाडताय?"