तारामावशीची पाठ

तारामावशी पाठीवर माणूस घेऊन चालायची. माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ दत्तू. वय चाळीस, मिशा भरघोस. आमच्या कामतघरच्या चाळीत रोज सकाळी तिची हाळी ऐकू यायची, "बाजूला व्हा, माल येतोय." संडासाच्या रांगेतले लोक वाट सोडायचे आणि पाठीवरचा दत्तू सगळ्यांना नमस्कार करत पुढे जायचा.

कापडाच्या कारखान्यात सूत गुंडाळलेला जड रूळ, बीम, अंगावर पडून दत्तूचे पाय कायमचे लुळे पडले होते. मावशी त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी. कुणी हात लावायला गेलं की म्हणायची, "न्हाय. तुमी पाडाल त्याला." लग्नाला, मतदानाला, एकदा तर वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवरही तिनं त्याला असंच नेलं. कुणीतरी दिलेली चाकांची खुर्ची घडी करून घरात आली होती. पण दार अरुंद, पुढे तीन उंच पायऱ्या. तिच्यात बसून बाहेर पडायची सोय नव्हती. मावशी तिच्यावर पापड वाळत घालायची.

मी शाळामास्तर. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास मला कळलं, की अपंग माणसाच्या घरात दार-पायऱ्यांचे फेरफार करायला ठाण्याच्या एका कचेरीतून मदत मिळते. मी फॉर्म आणला. मावशी भडकली. "माजी पाठ काय मोडली हाय?"

ती पाण्याला गेल्यावर दत्तूनं गुपचूप सही केली. म्हणाला, "गुरुजी, मला एकदा एकट्यानं चहाच्या टपरीवर जायचंय."

मग त्या कचेरीतले साहेब पाहणीला आले. मावशीनं दत्तूला पाठीवर घेतलं, त्यांच्यासमोर पायऱ्या दोनदा चढून उतरून दाखवल्या. "बघा. काय अडतंय? लिवा, गरज न्हाय."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. तेवढ्यात पाठीवरून दत्तू म्हणाला, "साहेब, थांबा. पायरी चढताना हिचा गुडघा वाजतो. मला रोज ऐकू येतो."

मावशी त्याला हळूच खाटेवर बसवून आत निघून गेली. साहेबांनी टोपण पुन्हा काढलं.

काही महिन्यांनी मदत मंजूर झाली. पायऱ्यांच्या जागी सिमेंटचा उतार आला, दार रुंद झालं, मागे उंच बैठकीचा संडास आणि धरायला दांडे. काम चालू असताना मावशी गवंड्याच्या डोक्यावर उभी. "उतार अजून लांब घे. त्याला दम लागंल."

मग एका सकाळी दत्तू स्वतः चाकं फिरवत टपरीवर गेला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मावशी दारात उभी होती. नंतर माझ्याकडे आली. हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नसावं. आधी कमरेवर ठेवले, मग पदराला पुसले.

"गुरुजी, तुमचं काय पाणीबिणी आणायचं हाय का? मी चाललीच हाय विहिरीवर."

आमचा हंडा काठोकाठ भरलेला होता. मी आत गेलो, मागच्या दारी तो ओतून टाकला आणि रिकामा हंडा आणून तिच्या हातात दिला.