पाण्यातले दिवे आणि हिंदुराव

हिंदुराव वायरमन आधी गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभे राहत, हात जोडत, डोळे मिटत आणि मग ओरडत, "दाबा बटन!"

बटन दाबणारा मी. कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत पोहण्याचा तलाव होता आणि त्याच्या भिंतींत, पाण्याखाली, सहा दिवे बसवले होते. तलावाचा चिटणीस म्हणून माझी एकमताने निवड झाली, कारण त्या सभेला मी हजर नव्हतो. मला पोहता येत नव्हतं. विजेतलं म्हणाल, तर फ्यूज गेला की मेणबत्ती शोधायची, एवढंच ज्ञान.

संध्याकाळी वसाहतीतली पोरं काठावर कुडकुडत उभी असत. पण दिवे लागून हिंदुराव पाच मिनिटं आत उभे राहिल्याशिवाय एकालाही पाण्याला पाय लावू देत नसत. "पाणी खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "चला, गंगामाई प्रसन्न झाली की सांगा," असले विनोद मी करायचो. स्वतःला काही येत नसलं की माणसाला दुसऱ्याच्या कामाची टिंगल फार छान जमते.

पल्टणीतून आलेला हा माणूस हातात रबरी वॉशर बांगड्यांसारखे घालून फिरे. दिव्याच्या काचेखाली ते बसवले की आत पाणी शिरत नाही. "कासारदादा आले," म्हणून मी हाक मारायचो. ते नुसते हसायचे.

एकदा ते जत्रेला गावी गेले आणि नेमका एक बल्ब गेला. म्हटलं, यात काय मोठं! मेन बंद केला, स्क्रू काढला, लांब वायरीसकट दिवा ओढून काठावर घेतला, नवा बल्ब बसवला. मग स्वतःच्या हुशारीकडे जरा कौतुकानं बघावं म्हणून तो तसाच कोरड्यात लावला. थोड्याच वेळात काच फाट्‌कन फुटली आणि मी दचकून मागच्या मागे तलावात. "बुडालो! वाचवा!" अशा माझ्या आरोळ्या ऐकून एक चिमुरडी म्हणाली, "काका, उभे राहा ना." उभा राहिलो. पाणी कमरेएवढं होतं.

"आवं साहेब, त्यो पाण्यातला दिवा," हिंदुराव परत आल्यावर म्हणाले. "पाण्यानंच गार ऱ्हातोय. वर काढून लावला की तापून फुटतोय." ही गोष्ट त्यांनी बाहेर कुणाला सांगितली नाही. गरजही नव्हती, पोरांनी घरोघर सांगितली होती.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर खोल बाजूच्या दिव्यात पाणी शिरलं. हिंदुरावांनी वायरीला नवा जोड दिला, दिवा बसवला आणि नेहमीसारखे पाण्यात उतरले. "दाबा बटन!"

त्या दिवशी कुठून डोकं चाललं कोण जाणे. मी विचारलं, "हिंदुराव, जोड कच्चा असला तर करंट पाण्यात येईल ना? मग तुमचं काय?"

"मी जाईन की. म्हणून तर आदी मी उतरतोय."

"अहो, पण तुम्हीच का?"

"ह्या परतेक पोराची घरी कुनीतरी वाट बगतंय. माजी बायकू गेली, पोरबाळ न्हाई. खोलीवर निस्तं कुलूप हाय. दाबा."

माझं बोट बटनावर होतं. चार वर्षं मी ते हसत हसत दाबत आलो होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तोंडात आलं ते बोलून गेलो, "आज आमच्याकडे जेवायला या. तुम्ही आल्याशिवाय कुणी ताटावर बसणार नाही."

हिंदुरावांनी डोळे उघडले. "समदी थांबणार?"

"सगळी. धाकटीसुद्धा."

 ते शिडी धरून हळूच वर आले.

"दाबू नका, साहेब," ते म्हणाले. "त्यो जोड एकदा परत बगतो."