पंखवाली की पेटी?

पाटणकरकाकांच्या गाडीत शेजारी बसून तुम्ही जागे राहिलात, तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो. "एवढी लोण्यासारखी चालवतोय मी, आणि तू टक्क जागा?" असं ते भर रस्त्यात विचारतात.

काका म्हणजे सँट्री या आयरिश उपनगरातले आमचे भिंतीपलीकडचे शेजारी. आयुष्यभर शॅननच्या विमानतळावर नोकरी केली, आणि सगळी हौस दोन अमेरिकन सेडानवर भागवली. एक साठच्या दशकातली, मागे पंख फुटलेली, चकचकीत. दुसरी ऐंशीच्या दशकातली, तपकिरी, ट्रंकेला चाकं लावल्यासारखी. काकी तिला पेटीच म्हणायच्या. काकी गेल्या. आता गाड्या ठेवायची शेडही जाणार होती, आणि आमच्या इमारतीत जागा एकाच गाडीची. कुठली विकायची, हे ठरवायला दर रविवारी परीक्षा असे. ड्रोहेडा गावाकडचा जुना रस्ता, आधी एक गाडी, मग दुसरी. परीक्षक बहुतेक वेळा मी.

"पंखवालीच ठेवा काका, काय दिसते!"

"डोळ्यांना काय कळतंय? बुडाला विचार!"

दोन्ही गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, आणि इथे चालवायचंही डावीकडूनच. त्यामुळे पुढे ट्रॅक्टर आला की काकांना पलीकडचं काही दिसत नाही. उजवीकडे बसलेल्याने मान काढून "मोकळा आहे" म्हणायचं, मगच ते पुढे काढणार. आता माणसाने झोपायचं की मान काढायची?

एका रविवारी मात्र मी पेटीत खरंच झोपलो. घरी तान्हं बाळ, रात्रभर जागरण. जाग आली ती हॉर्नच्या गोंगाटाने. पुढे ट्रॅक्टर, त्याच्यामागे आम्ही, आणि आमच्यामागे लांबच लांब रांग.

"अहो काका, उठवायचं ना मला!"

काका ट्रॅक्टरमागेच चालवत राहिले.

"शेवटी शेवटी तुझ्या काकीला घरात झोप यायची नाही रे. पंखवालीत तर नाहीच. लोक वळून बघतात म्हणून पदर सावरत बसायची. पेटीत बसली की गाव संपायच्या आत मान कलायची. मग मोकळा आहे म्हणून सांगणार कोण? ट्रॅक्टर जाईल तिकडे आम्ही. एकदा थेट त्याच्या शेतात गेलो."

"मग?"

"मग काय, तो माणूस खाली उतरला, हिला बघितलं, 'यू आर ग्रँड', म्हणजे असू दे, म्हणाला, आणि हळूच फाटक ओढून घेतलं. मी इंजिन चालू ठेवून बसलो. उठेपर्यंत."

मी पुन्हा डोळे मिटून घेतले.

पुढच्याच आठवड्यात पंखवाली विकली गेली. न्यायला आले तेव्हा सगळी इमारत खाली उतरली होती, काका सोडून. चला, आता रविवार आपला, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, हातात पेटीची किल्ली.

"काका, आता परीक्षा कसली? निकाल लागला की."

"हो, लागला ना." ते किल्लीशी चाळा करत उभे राहिले. "बाळ रात्री रडत होतं, ऐकलं मी. तुझी झोप राहिली असेल ना?"