झाडे मुठीपासून मोजतात

उत्तमराव झाडे फोनवर बोलताना बोटांनी आकडे दाखवत. समोरचा माणूस नागपूरला, झाडे वर्ध्याला, तरी "चार" म्हणताना त्यांची चार बोटं वर जात आणि नागपूरच्या माणसाला दिसेपर्यंत थांबल्यासारखी वरच राहत. दोन्ही हात लागले की रिसीव्हर मानेत दाबून धरत. "सतरा" म्हणायचं असलं तर आधी दहा, मग सात. आणि मोजायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक वेळी एक घट्ट मूठ. मूठ, मग एक बोट, मग दोन.

मी नोकरीला नवी होते. दुसऱ्याच दिवशी मी विचारलं, "झाडेसाहेब, त्याला दिसतं का?"

"त्याले नाई दिसत," ते म्हणाले. "पन मले दिसते ना."

त्यांची दुसरी खोड याहून त्रासदायक होती. त्यांना "बरोबर" हा शब्द चालत नसे. "हो", "ओके", "सेम आहे", "झालं" हेही नाही. तुम्ही आकडा सांगितला की ते तो परत म्हणत. त्यांनी सांगितला की तुम्ही परत म्हणायचा. "बरोबर म्हनू नको, वाचून दाखव," हे वाक्य दिवसातून चाळीसदा तरी कानावर पडे. चहावाल्यालाही सुटका नव्हती. तीन चहा, एक बिनसाखरेचा, असं सांगून झाडे तिथेच उभे राहत, आणि तो बिचारा उकळत्या पातेल्यासमोर ते पाठ म्हणून दाखवी. एसटीच्या कंडक्टरशी त्यांची यावरून दोनदा भांडणं झालेली. तिसऱ्यांदा कंडक्टरनेच तिकीट फाडण्याआधी विचारलं म्हणे, "झाडे, म्हनून दाखवू का?"

हे सगळं कशासाठी, ते कळायला आमचं काम थोडं समजून घ्यावं लागेल. फोनवरून फोटो पाठवता येतो, ही बातमी नवी होती तेव्हाची गोष्ट. मोबाईलचं जाळं म्हणजे दोन घरं. एक टॉवरांचं, जिल्ह्यातल्या सगळ्या टॉवरांचा कारभारी आमच्या वर्ध्याच्या खोलीत, एका कपाटात बसलेला. दुसरं घर नागपूरला. कुठला माल पुढे कुठे धाडायचा ते तिथे ठरायचं. नुसतं बोलणं होतं तोवर जुनी वाट पुरत होती. आता फोटो आणि इंटरनेट जायचं होतं, तेही किराणा दुकानातल्यासारख्या लहान लहान पुड्या बांधून. त्यासाठी दोन घरांमध्ये नवी वाट बांधायची होती. ती बांधायला पहार-फावडं लागत नाही, आकडे लागतात. प्रत्येक टॉवरला एक आकडा, प्रत्येक वाटेला एक आकडा. इकडे झाडे भरणार, तिकडे नागपूरचा सौरभ भरणार, आणि दोघांचे आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. एक जरी चुकला तर यंत्र ओरडत नाही, लाल दिवाही लावत नाही. पुडी घेतं आणि गप्प बसतं.

"भांडनारं यंत्र परवडते," झाडे म्हणत. "रुसलेलं नाई परवडत."

वयाची वीस वर्षं त्यांनी टेलिफोनच्या खांबांवर काढली होती. मग मोबाईल आला, खांब रिकामे झाले, आणि झाडे खाली उतरून आमच्या कंपनीच्या थंड खोलीत आले. खांबावर चढायची पिशवी मात्र अजून खांद्याला. तिच्यात पक्कड, काळी चिकटपट्टी, एक लहान आरसा आणि दोन मोबाईल. दोन्ही कॅमेऱ्याचे, दोन्ही एकाच जातीचे. एक त्यांचा. दुसरा कुणाचा, असं विचारलं की ते पिशवीची चेन लावत.

माझा त्यांच्याशी खटका उडाला तो यादीवरून.

मी हिंगणघाटची. बाबा कापडाच्या मिलमध्ये कामगार, आणि घरात युनियनची पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र. मी अक्षरं पुस्तकावरून नाही, पत्रकांवरून शिकले. आमच्या घरी अन्याय ही जेवणाच्या ताटावर बोलायची गोष्ट होती. पहिल्या टप्प्यात बारा टॉवरांनाच ही नवी सोय मिळणार होती, म्हणून मी यादी बारकाईने वाचली. वर्धा शहर, कॉलेजांचा भाग, हिंगणघाटचा बाजार, पवनार. आणि बारावं नाव तळेगाव, श्यामजी पंतांचं. आष्टी तालुक्यातलं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. हिंगणघाटच्या मिलचाळीचा टॉवर मात्र यादीत नव्हता. तिथे हजार माणसं राहतात. तळेगावचं नाव कुणी घातलं म्हणून चौकशी केली, तर झाडेंनी. कारण काय, तर 'टेस्टिंगसाठी एक दूरचा टॉवर लागतोच.' झाडेंचं गाव कोणतं? तळेगाव.

माझं डोकं तापलं. म्हणजे ज्याच्या हातात कळ त्याच्या गावात उजेड, आणि मिलच्या माणसांनी रांगेत उभं राहायचं. त्याच दुपारी मी निवेदन लिहिलं. मागणी एक: यादी लोकसंख्येप्रमाणे लावावी. मागणी दोन: तळेगाव वगळून मिलचाळ घ्यावी. मागणी तीन: कर्मचाऱ्यांनी आपल्या गावाची सोय पाहू नये. तोंडावर सांगायची हिंमत असावी, हे बाबांचं शिक्षण, म्हणून साहेबांकडे देण्याआधी मी ते झाडेंच्या टेबलावर ठेवलं.

झाडेंनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. मग बोटांवर मागण्या मोजल्या. मूठ, एक, दोन, तीन.

"शून्यावर काय हाये?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तू एकापासून सुरू केलं. शून्यावर काय हाये?"

"मागण्या एकापासूनच असतात."

"असन बा," ते म्हणाले. खाली साक्षीदार म्हणून त्यांनी स्वतःची सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. "दे साहेबाले. अक्षर चांगलं हाये तुहं, पत्रकवाल्या बाई."

मला वाटलं, निर्ढावलेला माणूस आहे.

मेश्रामसाहेब आमचे प्रमुख. त्यांनी निवेदन वाचलं आणि तक्रार मिटवायचा सोपा मार्ग काढला. गुरुवारी दुपारी चारपर्यंत तळेगावची वाट सुरू झाली तर राहील. नाही झाली तर तळेगाव कट, मिलचाळ आत. झाडे "ठीक हाये" म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी चहावाल्याला काहीच म्हणायला लावलं नाही. चहावाला काळजीने आत डोकावून गेला.

गुरुवारी सकाळपासून आकडे भरणं चाललं. अकरा टॉवर जुन्याच, आधीच जुळवलेल्या तारेवर होते, ते एकामागून एक लागले. तळेगावसाठी वेगळी तार होती आणि ती काही बोलेना. आमच्या पडद्यावर सगळं भरलेलं, सौरभच्या पडद्यावर सगळं भरलेलं. झाडेंनी त्याच्याकडून प्रत्येक आकडा तीनदा वाचून घेतला. तोही विदर्भातलाच पोरगा, शेवटी वैतागला. "काका, सेम टू सेम हाये. प्रॉब्लेम तुमच्याकडूनच हाये," म्हणाला. एक वाजला, दोन वाजले. मेश्रामसाहेब दोनदा दारातून घड्याळ बघून गेले. मी खरं तर खूश व्हायला हवं होतं. पण झाडेंच्या मानेवरून घाम उतरत होता, त्या थंड खोलीत, आणि मला ते बघवेना.

इथे त्या तारेबद्दल सांगायला हवं. तिच्यात बत्तीस खण असतात, पाठोपाठ धावणारे, मालगाडीच्या डब्यांसारखे. आपला माल पाच ते बारा या खणांत टाकायचा, असं ठरलं होतं. दोघांनीही पाच ते बाराच भरलं होतं. तेच तर दोघं वाचून दाखवत होते.

तीन वाजता झाडे आकडे वाचायचे थांबले. मग त्यांनी रिसीव्हर मानेत धरला आणि मूठ वर केली.

"सौरभ बापू, तुह्या पडद्यावर पहिल्या खनाले काय लिहिलं हाये? पाचवा सोड. पयला सांग."

पलीकडे कळा वाजल्या. मग तो म्हणाला, "एक."

"एक काऊन? माह्याकडे शून्य हाये."

या तारेला जोडलेलं नागपूरचं यंत्र वेगळ्या कंपनीचं, नवंकोरं. ते खण एकापासून मोजत होतं, आमचं शून्यापासून. दोघं खरं बोलत होते, दोघांचे आकडे जुळत होते, आणि माल एका डब्याने चुकत होता. सौरभने पाच ते बाराचे सहा ते तेरा केले. झाडेंनी ते वाचून घेतलं, बोटं दाखवत. साडेतीनला तळेगावची तार बोलायला लागली.

मी विचारलं, त्या शून्याच्या खणात काय जातं?

"काईच नाई," मूठ दाखवत ते म्हणाले. "कोनाचं बोलनं नाई, कोनाचा फोटो नाई. फक्त हे टोक त्या टोकाले सांगते, मी हाये, इथून मोज. थे नसलं तर बाकीचे एकतीस वाया."

मेश्रामसाहेबांनी वचन पाळलं, आणि मलाही अडकवलं. जागेवर जाऊन चाचणी करायला दोन माणसं लागतात. "तुमचीच तक्रार होती ना, तुम्हीच जा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आर्वीमार्गे तळेगावला गेलो. एसटीत झाडे खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर धरून. बाजाराचा दिवस होता. स्टँडवरून ते मला एका गल्लीत घेऊन गेले. टिनाचं छप्पर, अंगणात तीन बकऱ्या आणि एक साठीची बाई चवळीच्या शेंगा सोलत बसलेली. तिची पाठ आमच्याकडे होती. झाडेंनी हाक मारली नाही. ते लांबून वळसा घालून तिच्या समोर गेले आणि छातीशी मूठ धरली. ती हसली, शेंगा बाजूला केल्या, तिनेही मूठ धरली. मग दोघांचे हात सुरू झाले.

मी दारात उभी होते. असं बोलणं मी कधी पाहिलं नव्हतं. सपासप बोटं, भुवया, मध्येच झाडेंच्या पोटाकडे बोट दाखवून काहीतरी टोमणा, त्यावर झाडेंचं ओशाळं हसू. आकडे आले, मुठीपासून.

"माही मोठी बहीन, यमूताई," झाडे म्हणाले. "लहानपनी ताप आला, तवापासून ऐकू येत नाई. शाळा झाली नाई, मंग वाचता बी येत नाई. हातवारे तिनंच केले सारे, मी चार वर्षांचा होतो तवा शिकवले." मग म्हणाले, "सारा जनम टेलिफोनात गेला. जिल्ह्यात घरोघरी मी फोन लावले. हिच्या कामाचा एक बी नोता."

मी विचारलं, साहेबांना हे आधीच का सांगितलं नाही.

"सांगतलं असतं तर उपकार झाले असते. टेस्टिंग म्हटलं का काम झालं."

पिशवीतला दुसरा मोबाईल त्यांनी यमूताईच्या हातात दिला. कॅमेरा कसा दाबायचा, आलेला फोटो कसा उघडायचा, हे तीनदा करून दाखवलं आणि तिच्याकडूनही तीनदा करून घेतलं. वाचून दाखवण्याचीच ही दुसरी तऱ्हा. मग मला तिच्याजवळ बसवून ते स्टँडकडे गेले. चाचणी दुरूनच करायची असते.

यमूताईने फोन दोन्ही तळव्यांत धरला, पाखराचं पिल्लू धरावं तसा. मी तिच्याकडे बघून हसले, तीही हसली, आणि तिने मला शेंगा सोलायला दिल्या. दहा मिनिटं गेली. मला सारखं वाटत होतं, आता नाही होणार, आणि त्याचा दोष माझ्या निवेदनावर येईल. तेवढ्यात तिच्या तळव्यांत फोन थरथरला. ती दचकली. शिकवलेलं बटण दाबलं. पडदा हळूहळू वरून खाली भरत गेला. आधी निळं आभाळ, मग एसटीचा टप, मग फोटोच्या मधोमध झाडेंची मूठ.

बाकी काही नव्हतं. यमूताईने ते खूप वेळ पाहिलं. मग डाव्या हाताची मूठ अंगणात उन्हात धरली, उजव्या हाताने फोटो काढला आणि पाठवला.

झाडे परत यायला हवे होते, पण येईनात. मी बाजारातून वाट काढत स्टँडवर गेले. ते सिमेंटच्या बाकावर बसले होते, मोबाईल मांडीवर, चष्मा हातात.

"पोचलं," मी म्हटलं. "अगदी बरोबर."

"बरोबर म्हनू नको," ते म्हणाले. "काय दिसलं थे सांग."

आमच्या घरी मुठीचा एकच अर्थ होता. ती वर गेली की मागून घोषणा यायचीच. पण त्या भरल्या बाजारात, कांद्याच्या ढिगांच्या आणि भोंग्यांच्या गलबल्यात, मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि छातीशी मूठ धरली.

झाडेंनी चष्मा लावला, मूठ नीट पाहिली आणि मान डोलावली.